नासाडी आणि निरोप

बाजरीचे पीठ फार दिवस साठवू नये, हे गृहिणींना कोणी शिकवावे लागत नाही. गव्हाचे पीठ बरेच दिवस तग धरते. बाजरी दळून आणली की थोड्याच दिवसांत पिठाला कडवट वास सुटतो आणि भाकरी तोंडात घालवत नाही. नवल असे की, तीच बाजरी न दळता कणगीत ठेवली, तर महिनोन्‌महिने तिला काही होत नाही. दाण्यातील मेद तोच, हवा तीच, घरही तेच. मग केवळ जात्यातून जाण्याने एवढे काय बिघडते?

बाजरीच्या दाण्यात गहू-तांदळाच्या मानाने मेद अधिक असतो, आणि तो मेद फोडणारे विकर, म्हणजे एंझाइम, हेही त्याच दाण्यात असते. लायपेज हे त्याचे नाव. अखंड दाण्यात या दोघांची घरे निराळी असतात. दळताना मधल्या भिंती मोडतात, विकर मेदाला जाऊन भिडते, मेदाम्ले सुटी होतात, आणि पुढे त्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पीठ खवट होते. तांदळाच्या कोंड्याची गत याहून वाईट. गिरणीतून निघालेला ताजा कोंडा काही तासांतच बिघडू लागतो. त्यातून खाण्याजोगे तेल काढायचे असेल तर त्याला लगोलग उष्णता देऊन हे विकर निकामी करावे लागते.

अशा रीतीने मेद फोडणाऱ्या विकरांची पहिली ओळख माणसाला झाली ती नासाडी करणारी म्हणून. दुसरी ओळखही जुनीच आहे. एरंडाची किंवा भुईमुगाची बी मातीत पडली की अशाच विकरांमुळे तिच्यातला तेलाचा साठा फुटतो आणि कोवळा अंकुर पहिली पाने उघडेपर्यंत त्याच शिदोरीवर वाढतो. पिठाचा जो वैरी, तोच अंकुराची दाई. परंतु या विकरांचे तिसरे काम नुकतेच, म्हणजे गेल्या तीन-चार दशकांत उलगडले आहे, आणि ते पहिल्या दोहोंहून फार वेगळे आहे. पाणी आटू लागले, थंडी वाढली, जमिनीत मीठ साचले किंवा अळीने पान कुरतडले, तर त्याची वर्दी वनस्पतीच्या आतल्या आत पोचविण्याचे काम हीच विकरे करतात. हा शोध लागायला इतका वेळ का लागला, ही हकीकत शोधाइतकीच ऐकण्यासारखी आहे.

तीसाठी पेशीच्या वेशीपर्यंत जावे लागेल. प्रत्येक जिवंत पेशीभोवती एक पटल असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी. हे पटल मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध द्रव्याच्या दोन थरांचे असते. या द्रव्याचा एकेक रेणू दोन शेपट्यांच्या पतंगासारखा समजावा. शेपट्या मेदाम्लांच्या, त्यांना पाण्याचे वावडे असते, म्हणून त्या आत, एकमेकींकडे तोंड करून राहतात. वर फॉस्फेटची मान आणि त्या मानेवर कोलीनसारख्या एखाद्या लहान घटकाचे डोके. ही दोन्ही पाण्याला सन्मुख असतात. असा रेणू चार जागी कापता येतो, आणि प्रत्येक जागेसाठी विकर वेगळे आहे. ए-१ आणि ए-२ ही विकरे दोहोंपैकी एकेक शेपटी सोडवितात. सी हे विकर मानेच्या खाली घाव घालते. डी हे विकर मान ठेवून नुसते डोके उडविते. मागे मान आणि दोन शेपट्या एवढेच उरते. त्या उरलेल्या भागाला फॉस्फॅटिडिक आम्ल म्हणतात. या कथेचा नायक म्हणावा तर हेच आम्ल. मात्र त्याची बरीचशी वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात गेली.

१९२७ साली इंग्लंडात चॅनन आणि चिब्नाल या दोन रसायनज्ञांनी कोबीच्या पानांतून हे आम्ल वेगळे केले. पाने कुटून, रस काढून, ईथरमध्ये विरघळणारे पदार्थ निवडून त्यांनी मोठ्या चिकाटीने हे काम केले होते. कोबीच्या पानात फॉस्फॅटिडिक आम्ल भरपूर असते, असा त्याचा सरळ अर्थ घेतला गेला. पुढे वीस वर्षांनी, १९४७-४८ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठात हॅनाहन आणि चायकॉफ हे गाजर व कोबी यांतील फॉस्फोलिपिडे तपासत होते. कच्च्या गाजरातून काढलेल्या द्रव्यात कोलीन फारच थोडे सापडे. पण आधी वाफ दिलेल्या गाजरातून काढलेल्या द्रव्यात ते पुरेसे असे. वाफेने कोलीन निर्माण होणे शक्य नव्हते. तेव्हा उलगडा एकच: कच्च्या भाजीत कोलीनचे डोके उडविणारे एखादे विकर असले पाहिजे, आणि वाफेने ते मरत असले पाहिजे. आज ज्याला फॉस्फोलायपेज डी म्हणतात ते विकर प्रथम हाती लागले ते असे, गाजर आणि कोबी यांत. प्राण्यांमध्ये त्याचा पत्ता लागायला आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली. जीवरसायनात वनस्पतींना अग्रमान मिळाल्याचे प्रसंग मोजकेच आहेत. त्यांतला हा एक.

पण या शोधाचा एक विचित्र परिणाम झाला. चॅनन आणि चिब्नाल यांना मिळालेले आम्ल पुष्कळसे त्यांच्या खलबत्त्यातच तयार झाले होते, हे आता दिसून आले. पान कुटले, भिंती मोडल्या, विकर पटलाला भिडले आणि आम्ल झाले. बाजरीच्या पिठाचीच गोष्ट. तेव्हापासून वनस्पतीच्या नमुन्यात फॉस्फॅटिडिक आम्ल आढळले, की संशोधकाने नमुना नीट हाताळला नाही असा शेरा पडू लागला. आम्ल सापडणे म्हणजे हलगर्जीपणाची कबुली! शास्त्रात खबरदारी ही गुणच आहे. पण या एका खबरदारीने जवळजवळ चार दशके एका खऱ्या प्रश्नावर झाकण ठेवले. कुटल्यावर जे विकर इतक्या तत्परतेने कामाला लागते, ते न कुटलेल्या पानात स्वस्थ का बसून असते, आणि जर ते स्वस्थच बसणार होते तर वनस्पतीने ते इतक्या मुबलक प्रमाणात बाळगले तरी कशाला, हे फारसे कोणी विचारले नाही.

वनस्पतींना संवेदना असते ही कल्पना भारतात तरी अपरिचित नव्हती. जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लाजाळूसारख्या वनस्पतींतील विद्युत्‌स्पंदने नाजूक यंत्रांनी टिपून दाखविली होती. निरोप जातो हे त्यांनी दाखविले; पेशीच्या आत तो उतरून कोण घेतो, हा रसायनाचा प्रश्न मात्र पुढच्या पिढ्यांवर राहिला. त्याला चालना मिळाली ती प्राणिशास्त्राकडून. १९८३ मध्ये मायकेल बेरिज आणि त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले, की प्राण्यांच्या पेशीपटलातील एक फॉस्फोलिपिड सी जातीच्या विकराने कापले जाते आणि सुटलेला तुकडा पेशीत जाऊन कॅल्शियमची कोठारे उघडतो. पटल म्हणजे नुसती भिंत नव्हे, ती निरोपांची पेढीही आहे, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले. वनस्पतिशास्त्रज्ञांनी साहजिकच प्राण्यांचा हा नकाशा वनस्पतींवर ठेवून पाहिला. तो जुळेना. अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील इवल्याशा रोपाची संपूर्ण जनुकसंहिता २००० साली प्रसिद्ध झाली, तिच्यातही त्या तुकड्याला ओळखणारे प्राण्यांतल्यासारखे प्रथिन सापडले नाही. उसन्या नकाशावर गाव शोधण्यात जी फसगत होते, तीच येथे झाली. वनस्पतींनी आपला मुख्य भर दुसऱ्याच विकरावर ठेवला होता, आणि ते विकर म्हणजे तेच बदनाम डी.

त्याचे जनुक प्रथम मिळाले ते एरंडात. १९९४ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात शुएमिन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरंडातून ते वेगळे केले. एरंडाच्या पिकात भारत जगात अग्रेसर आहे आणि गुजरातेत ते बांधापासून मळ्यापर्यंत सर्वत्र दिसते. पण त्याची ही कीर्ती एरंडेलाच्या बाटलीपलीकडे फारशी गेलेली नाही. एरंडाच्या जनुकाशी ताडून पाहता यीस्टमधील तसेच जनुक ओळखता आले आणि १९९५ मध्ये माणसातलेही हाती आले. माणसात फॉस्फोलिपिडाचे डोके उडविणारी या घराण्यातील जनुके मुख्यतः दोन. अराबिडॉप्सिसमध्ये ती १२ निघाली आणि भातात १७. संकट आले की प्राणी पळून जातो; झाडाला आहे त्या जागीच त्याला तोंड द्यावे लागते. म्हणून त्याला वेगवेगळ्या संकटांसाठी वेगवेगळे जासूद बाळगावे लागले असावेत, हा तर्क सयुक्तिक वाटतो.

हे विकर अखंड पानात स्वस्थ का बसते, याचेही उत्तर याच सुमारास एरंडाच्या पानानेच दिले. सामान्य स्थितीत विकराचा बराच भाग पटलापासून दूर, पेशीतल्या द्रवात असतो. पानाला जखम झाली की पेशीत कॅल्शियमचे प्रमाण वाढते. विकराच्या रेणूत कॅल्शियमला धरणारा एक भाग आहे. कॅल्शियम मिळताच विकर द्रवातून निघून पटलाला जाऊन चिकटते आणि काही मिनिटांत तेथे फॉस्फॅटिडिक आम्ल वाढू लागते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांनी कुटण्यात आणि निरोपात फरक कोठे आहे ते स्पष्ट झाले. कुटताना सगळी दारे एकदम मोडतात; जिवंत पानात दार मोजून उघडते आणि पुन्हा लागते. आम्ल तेच, पण एकात तो लोंढा असतो, दुसऱ्यात थेंब. हा थेंब जिवंत पेशीत ओळखण्यासाठी संशोधकांनी एक हिकमत वापरली. डी विकराला पाण्याऐवजी ब्युटॅनॉलसारखे अल्कोहोल मिळाले, तर ते उडविलेल्या डोक्याच्या जागी अल्कोहोल बसविते आणि एक निराळेच द्रव्य तयार होते. हे द्रव्य दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होत नाही. ते सापडले की हा हात डी विकराचाच, याची खात्री पटते.

या निरोपाचा सर्वांत चांगला उलगडा झाला आहे तो दुष्काळाच्या संदर्भात. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी बहुतेक सर्व पाणी पानांच्या वाटे हवेत जाते. झाडाच्या देहात त्यातले फार थोडे राहते. हे पाणी जाते ते पानांवरील पर्णरंध्रांतून. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना ओठांसारख्या दोन रक्षक पेशी असतात. त्या फुगल्या की रंध्र उघडते, शिथिल झाल्या की मिटते. रंध्र बंद ठेवावे तर पाणी वाचते, पण कार्बन डायॉक्साइड आत येत नाही आणि अन्न तयार होणे थांबते. उपाशी राहायचे की तहानलेले, हा हिशेब झाडाला दिवसभर करावा लागतो. माती सुकू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते आणि रंध्रे मिटण्याची आज्ञा होते. पण रक्षक पेशींत एबीआय-१ नावाचे एक प्रथिन आहे. ते या आज्ञेवरचा लगाम आहे. एरवी उगाच रंध्रे मिटू नयेत म्हणून ते आज्ञा दाबून धरते. २००४ मध्ये वांग यांच्या प्रयोगशाळेने दाखविले, की संप्रेरक येताच डी कुळातील अल्फा-१ हे विकर फॉस्फॅटिडिक आम्ल तयार करते आणि हे आम्ल एबीआय-१ ला पकडून पटलाशी जखडून ठेवते. लगाम सुटतो, रंध्रे मिटतात. पुढे २००९ मध्ये असेही आढळले, की हेच आम्ल रक्षक पेशींतील दुसऱ्या एका विकराला जागे करून प्राणवायूची तीव्र क्रियाशील रूपे तयार करविते आणि आज्ञेला जोर आणते. ज्या रोपांत अल्फा-१ दाबून टाकले त्यांची पाने अधिक पाणी गमावीत. ज्या तंबाखूच्या रोपांत ते वाढविले त्यांची पाने कमी गमावीत.

येथपर्यंत ऐकले की कोरडवाहू शेतीचा प्रश्न सुटलाच असे वाटू लागते. हे विकर पिकात वाढवावे आणि निश्चिंत व्हावे! वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच विकराची दोन रूपे दिसली. अवर्षणाच्या आरंभी ते रंध्रे मिटवून पाणी वाचविते. परंतु अवर्षण लांबले, तर तेच विकर सर्व पानभर पटले कापीत सुटते आणि पेशींची नासाडी करते. तेव्हा ज्या रोपांत ते नव्हते त्यांचीच पटले अधिक शाबूत राहिली. जासूद आणि लुटारू हे एकच. वेळ तेवढी निराळी. बाजरीच्या पिठात दिसणारी आणि रक्षक पेशीत दिसणारी ही दोन कामे एकमेकांपासून निखालस वेगळी काढता येतील, हा भरवसा या अभ्यासाने कमी केला.

थंडीची गोष्ट तर आणखी बोधक आहे. गोठण्याइतक्या थंडीत अराबिडॉप्सिसच्या पानांत फॉस्फॅटिडिक आम्ल फार वाढते. २००२ च्या प्रयोगात अल्फा-१ विकर दाबलेली रोपे गोठण्यातून अधिक संख्येने वाचली. विकर वाईट ठरले. दोनच वर्षांनी त्याच कुळातील डेल्टा हे विकर तपासले, तर ते काढून टाकलेली रोपे थंडीला अधिक बळी पडली, आणि ते वाढविलेली रोपे अधिक तगली. विकर चांगले ठरले. दोघांच्याही हातून होणारे द्रव्य तेच. अल्फा-१ मोठ्या प्रमाणावर आम्ल करते, आणि या आम्लाच्या रेणूचे डोके लहान असल्यामुळे त्याचा फार साठा झाला की दोन थरांची सपाट घडी बिघडते. डेल्टाचे काम मोजके आणि पटलालगत चालते. तेव्हा निरोपाचा अर्थ केवळ द्रव्यात नसतो; तो कोणी दिला, कोठे दिला आणि किती जोराने दिला यांवर तो ठरतो. एकाच घंटेच्या नादाने देवळात आरतीला माणसे जमतात आणि शाळेतून मुले घरी पळतात, तसाच हा प्रकार.

जखमेचा निरोप मात्र डीपेक्षा शेपट्या सोडविणाऱ्या विकरांकडे अधिक जातो. १९७२ मध्ये अमेरिकेतील क्लॅरेन्स रायन यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले होते, की किड्याने टोमॅटोचे एक पान कुरतडले तर त्याच रोपाच्या दूरच्या, धड पानांतही किड्याचे पचन बिघडविणारी प्रथिने तयार होतात. ही वर्दी ज्या द्रव्याने पोचते ते जास्मोनिक आम्लाच्या कुळातले. त्याचा आरंभ पटलातून सुटलेल्या लिनोलेनिक आम्लाच्या शेपटीपासून होतो. या कुळातील मेथिल जास्मोनेट १९६२ सालीच चमेलीच्या अत्तरातून वेगळे केले गेले होते. सुगंध म्हणून नाव पावलेले द्रव्य झाडाची आरोळी निघावे, हे मोठे गमतीचे आहे. १९९० मध्ये फार्मर आणि रायन यांनी एका बंदिस्त पेटीत रानटी आर्टेमिशियाच्या फांद्या आणि टोमॅटोची रोपे शेजारी शेजारी ठेवली. फांद्यांतून हवेत पसरलेल्या मेथिल जास्मोनेटने टोमॅटो एकही जखम न होता सावध झाला. आणि हा मार्ग केवळ संकटापुरता नाही. २००१ मध्ये जपानी संशोधकांना अराबिडॉप्सिसमध्ये ए-१ जातीचे एक विकर सापडले. ते नसले की फुलातले परागकोश वेळेवर उघडतच नाहीत आणि बी धरत नाही. कळ्यांना वरून जास्मोनिक आम्ल दिले की दोष दूर होतो.

कधी कधी मेद कापला जातो तो निरोपासाठी नव्हे, निव्वळ काटकसरीसाठी. जमिनीत फॉस्फेटचा तुटवडा पडला की मुळे आणि पाने आपल्याच पटलातील फॉस्फोलिपिडे मोडून फॉस्फेट काढून घेतात आणि रिकाम्या जागी साखरेचे डोके असलेली, फॉस्फेटविरहित स्निग्ध द्रव्ये बसवितात. घर मोडू न देता भिंतीतल्या विटा विकण्याचाच हा प्रकार. या कामी सी आणि डी या दोन्ही जातींची काही विकरे राबतात, हे २००५ नंतरच्या अभ्यासांत दिसून आले. फॉस्फेटयुक्त खतांसाठी आयातीवर विसंबणाऱ्या भारतासारख्या देशात या काटकसरीचा अभ्यास केवळ कुतूहलापुरता राहू नये.

पिकांच्या बाबतीत आता जी दिशा धरली गेली आहे, ती या साऱ्या अनुभवातून आलेली आहे. विकर सरसकट वाढविण्याचा नाद सोडून ते नेमक्या ठिकाणी वाढविण्याचा प्रयत्न होत आहे. २०१३ मध्ये मोहरीच्या जातीच्या कॅनोला या तेलबियांच्या पिकात अल्फा-१ चे जनुक अशा रीतीने बसविले गेले, की ते मुख्यतः रक्षक पेशींतच जोराने काम करील, इतर पानात नाही. त्या रोपांनी पाणी कमी गमावले, आणि पाण्याच्या ताणात त्यांना बीही अधिक धरले. हा प्रयोग एका पिकापुरता आहे. शेतात पाऊस कधी दोन आठवड्यांची ओढ देतो, कधी दोन महिन्यांची; आणि या विकराच्या बाबतीत या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

प्रयोगशाळेत मात्र जुनी खबरदारी आजही पाळली जाते, फक्त तिचा अर्थ पालटला आहे. फॉस्फॅटिडिक आम्ल मोजायचे असेल, तर पान खुडताक्षणीच ७५ अंश सेल्सियसच्या कढत आयसोप्रोपॅनॉलमध्ये बुडवावे लागते. पूर्वी हे करीत ते आम्लाची भेसळ टाळण्यासाठी. आता करतात ते आम्लाची खरी नोंद मिळावी म्हणून. कारण खुडणे हीदेखील पानाला जखमच असते. पान हातात क्षणभर जरी रेंगाळले, तरी विकर पटलाला जाऊन भिडते, आणि मग मोजलेल्या आम्लात दुष्काळाने लिहिलेले किती आणि संशोधकाच्या कात्रीने लिहिलेले किती, हे सांगता येत नाही.